रोह्याची सही

गौरीगणपती आले, दिवाळी आली, की कपाटातली चांदीची भांडी बाहेर निघतात. पळी-पंचपात्र, निरांजन, बाळाच्या उष्टावणाला मामाने दिलेली वाटी आणि तिच्याबरोबरचा चमचा. भांडी घासून-पुसून लख्ख झाली, की चमच्याच्या दांड्याच्या पाठीमागे एखादी बारीक खूण बोटाला लागते. कधी दोन अक्षरे, कधी एखादा आकडा, तर चमचा विलायती असेल तर चार-पाच चिमुकल्या चित्रांची ओळच. आपण ती पाहतो आणि चमचा पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवतो.

खरे तर ही खूण म्हणजे त्या चमच्याची जन्मपत्रिका असते. इंग्लंडमधल्या जुन्या चमच्यावर चालणारा सिंह दिसला, की चांदी हजारात ९२५ भाग शुद्ध आहे असे समजावे. बिबट्याचे मुंडके लंडनच्या तपासणीघराचे. एकटे अक्षर वर्ष सांगते. आणि बाजूची आद्याक्षरे असतात चमचा घडवणाऱ्या कारागिराची. प्रत्येक कारागिराने आपली खूण उमटवलीच पाहिजे, हा तिथला नियम १३६३ सालचा आहे. हेतू सरळ होता. चांदीत तांबे जास्त निघाले तर कोणाला जाब विचारायचा, हे गिऱ्हाइकाला कळले पाहिजे. तेव्हा ती खूण शोभेची नाही, जामिनकीची असते.

आपल्याकडे अशा सरकारी ठशाची परंपरा जुनी नाही. चांदीच्या वस्तूंवर भारतीय मानक संस्थेचा हॉलमार्क आला तो २००५ साली. कच्छमधल्या भुजचे उमरशी मावजी यांच्यासारखे मोजके नामवंत कारागीर आपल्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे आणि गावाचे नाव भांड्यावर ठोकत. बाकी सारा व्यवहार घरच्या सोनाराच्या शब्दावर. मग चांदी खरी की खोटी हे माणसे कशावरून ठरवत? त्यासाठी त्यांच्याकडे एक हुकमी खूण होती, ती म्हणजे राणीछाप रुपया.

१८३५ पासून हिंदुस्थानात एकाच मापाचा रुपया पडू लागला. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आजच्या हिशेबात ११.६६ ग्रॅम. बारा भागांतले अकरा भाग चांदी. सोनाराच्या तराजूत हाच रुपया वजन म्हणून पडे, आणि पुष्कळदा मुशीतही हाच रुपया पडे. चमचा हवा तर मोजून रुपये द्यायचे आणि तेवढ्याच चांदीचा चमचा घरी आणायचा. जुन्या घरांतली कित्येक भांडी म्हणजे रूप बदललेले रुपयेच. माणूस खरा असेल तर त्याला आपण खणखणीत नाणे म्हणतो, ते त्या रुपयाच्या आवाजामुळे. दगडावर वाजवून घेतल्याशिवाय तो कोणी खिशात टाकत नसे.

हा रुपया १९४० नंतर बदलला. त्यातली चांदी आधी निम्मी झाली आणि सात वर्षांत पार नाहीशी झाली. वाजवून पाहण्याचे नाणे गेले आणि विश्वासाने घ्यायचा कागद आला. त्या कागदावर खरेपणाची एकच माणसाळलेली खूण होती, ती म्हणजे खालची सही. त्या ऐन धकाधकीच्या काळात ही सही होती कुंडलिकेच्या काठी वाढलेल्या एका मराठी माणसाची. सर चिंतामण द्वारकानाथ देशमुख, म्हणजे आपल्या सर्वांचे सी. डी. देशमुख.

कुंडलिका नदीच्या एका तीरावर रोहे आणि समोरच्या तीरावर अष्टमी. गावे दोन, पण नगरपालिका दोघांची मिळून एक आणि नावही जोडीने घेण्याचे, रोहा-अष्टमी. चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, रायगडाच्या पायथ्याजवळच्या नाते गावचा. त्यांचे बालपण मात्र बरेचसे रोह्यात गेले. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख वकील. आई भागीरथीबाई देवाधर्माच्या. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते.

मुलाची बुद्धी असामान्य होती. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत तो पहिला आला आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याने मिळवली. त्या काळी ही शिष्यवृत्ती म्हणजे आयुष्यभर नावापुढे लागणारा किताब होता. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र घेऊन तो १९१७ साली पदवीधर झाला. वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिकही त्याला मिळाले. १९१८ साली लंडनमध्ये आय.सी.एस.ची परीक्षा झाली, तिच्यातही नंबर पहिलाच. रोझिना या इंग्रज युवतीशी त्यांचा विवाह झाला. त्यांना एक मुलगी झाली.

त्यानंतरची जवळजवळ वीस वर्षे मध्य प्रांत आणि वऱ्हाडात गेली. जमाबंदी, महसूल, मग प्रांताचे अर्थखाते. मधे १९३१ साली लंडनच्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या कचेरीतही त्यांनी काम केले. जमाबंदीचे काम म्हणजे शेताच्या बांधावर उभे राहून जमिनीचा कस आणि कुळाची ऐपत पाहायची, आणि मगच आकडा लिहायचा. आकड्यामागे माणूस असतो, हे तिथे चांगले शिकायला मिळते.

जुलै १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले. दोनच महिन्यांत महायुद्ध पेटले. ते बँकेच्या मध्यवर्ती मंडळाचे सचिव झाले. डिसेंबर १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर झाले. फेब्रुवारी १९४३ मध्ये गव्हर्नर सर जेम्स टेलर यांचे पदावर असतानाच निधन झाले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी चिंतामणराव त्या जागी आले. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर. वय सत्तेचाळीस. पुढच्या वर्षी त्यांना सर हा किताब मिळाला.

त्यांच्या आगेमागे रुपयाचे काय होत होते ते पाहण्यासारखे आहे. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि इकडे माणसे घाबरली. नोट देऊन चांदीचा रुपया मागायला रांगा लागल्या. मिळालेला रुपया पुन्हा बाजारात येईना, तो गाडग्यात आणि पेटीत जाऊन बसे. सरकारने जरुरीपेक्षा जास्त नाणी जवळ ठेवण्यावर बंदी घातली आणि एक रुपयाची कागदी नोट काढली. वर्ष सरता सरता नवा रुपया आला. त्यात चांदी फक्त निम्मी, बाकी तांबे, निकेल आणि जस्त. मग जुन्या रुपयांवर हुकूम निघाले. राणीछाप रुपया १९४१ साली, एडवर्डचा १९४२ साली आणि पंचम जॉर्जचा १९४३ साली चलनातून बाद झाला. नाणी ठेवणाऱ्याने तो बँकेत भरायचा, नाहीतर सोनाराकडे न्यायचा. आज ज्यांच्याकडे त्या पिढीतली चांदीची भांडी आहेत, त्यांतल्या काहींची चांदी त्या धांदलीतली असणार.

तरीही चांदी कमी पडत होती. अमेरिकेने युद्धकाळात हिंदुस्थानला सुमारे २२ कोटी ६० लाख औंस चांदी उसनी दिली. ती पुढे चांदीच्याच रूपाने परत करायची होती. स्वातंत्र्यानंतर ती फेडण्यासाठी निम्म्या चांदीचे रुपये गोळा करून कलकत्त्याच्या अलीपूर येथे वितळवण्यात आले आणि त्यांतली चांदी वेगळी काढण्यात आली. १९४७ साली जो रुपया पडला तो निव्वळ निकेलचा होता. सोनाराच्या दृष्टीने त्याची किंमत शून्य.

नाणी पाडणे हे सरकारचे काम, नोटा काढणे रिझर्व्ह बँकेचे. त्यामुळे नाण्यातून चांदी गेली याला बँक जबाबदार नव्हती. पण चांदीवरचा लोकांचा विश्वास जिथे येऊन टेकला, तो कागद बँकेचा होता. रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर त्या काळी साल छापलेले नसे. सहाव्या जॉर्जचे चित्र असलेली दोन, पाच, दहा किंवा शंभराची नोट हातात आली, तर ती कोणत्या काळातली हे सहीवरूनच ओळखावे लागते. जे. बी. टेलर अशी सही असेल तर १९४३ च्या आधीची घडण. सी. डी. देशमुख असेल तर त्यानंतरची. एक रुपयाच्या नोटेवर मात्र गव्हर्नरची सही शोधू नये. ती सरकारची नोट, तिच्यावर अर्थसचिवाची सही असते. नाण्यांचेही असेच. सहाव्या जॉर्जच्या रुपयावर सालाखाली ठिपका किंवा हिऱ्याच्या आकाराची खूण दिसली तर तो मुंबईच्या टांकसाळीचा. इंग्रजी एल अक्षर असेल तर लाहोरचा. काहीच नसेल तर कलकत्त्याचा. चमच्यावरच्या खुणा वाचण्याचीच ही दुसरी इयत्ता.

युद्धाच्या काळात जपानने हिंदुस्थानी नोटांची हुबेहूब नक्कल केली. दहाच्या नोटेला फार धोका निर्माण झाला. तेव्हा कागदातल्या पाण्याच्या छापात राजाचा एका बाजूचा चेहरा होता तो बदलून समोरचा केला गेला आणि भारतीय नोटेत प्रथमच सुरक्षेचा धागा ओवला गेला. आज आपण नोट उजेडाकडे धरून जो धागा पाहतो, त्याची सुरुवात त्या काळातली आहे.

नकली नोट ओळखता येते. पण खऱ्या नोटेची किंमतच घसरू लागली तर? चिंतामणरावांपुढचा खरा प्रश्न हा होता. ब्रिटिश सरकार युद्धासाठी हिंदुस्थानात धान्य, कापड, लोखंड विकत घेई आणि त्याचे पैसे लंडनमध्ये पौंडांत जमा ठेवी. त्या पौंडांच्या आधारावर रिझर्व्ह बँकेला इकडे नोटा काढाव्या लागत. माल देशाबाहेर जाई, नोटा देशात राहत. युद्धाच्या आरंभी चलनात सुमारे १८० कोटींच्या नोटा होत्या, त्या १९४५ पर्यंत ११०० कोटींच्या वर गेल्या. भाव कडाडले. बंगालमध्ये १९४३ साली लाखो माणसे अन्नाविना मेली. चिंतामणराव गव्हर्नर झाले ते त्याच वर्षी. त्या सगळ्या नव्या नोटांवर त्यांची सही होती, पण किती नोटा छापायच्या हे ठरवणारा हात लंडन आणि दिल्लीचा होता. नाव आपले आणि माल दुसऱ्याने ठरवलेला, अशी ही कारागिराची अवघड अवस्था होती.

त्यांनी आपल्या हातात होते ते केले. हिंदुस्थानचे लंडनमध्ये साचलेले पौंड, शंभर कोटींहून जास्त, हा या देशाच्या उपासमारीचा पैसा आहे, तो बुडता कामा नये, हा विषय त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावून धरला. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे परिषद झाली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा पाया तिथे घातला गेला. तिला गेलेल्या हिंदी शिष्टमंडळात सर जेरेमी रेझमन यांच्याबरोबर चिंतामणराव, षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ होते. देश परतंत्र होता, तरी तिथे हिंदुस्थानची बाजू स्वतंत्रपणे मांडली गेली.

जानेवारी १९४६ मध्ये सरकारने पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द केल्या. काळा पैसा पकडायचा हा उद्देश. यातून सरकारच्या हाती मोठे घबाड लागेल, असे गव्हर्नरांना वाटत नव्हते. झालेही तसेच. सुमारे १४४ कोटींच्या नोटांपैकी जवळजवळ १३५ कोटींच्या बदलून गेल्या.

मग फाळणी आली. पाकिस्तानला स्वतःची मध्यवर्ती बँक उभी करायला वेळ हवा होता. तोवर, म्हणजे ३० जून १९४८ पर्यंत, रिझर्व्ह बँकच दोन्ही देशांची बँक होती. भारताच्या नोटांवर इंग्रजी आणि उर्दूत पाकिस्तान सरकारचे नाव वर छापून त्या तिकडे चालवल्या गेल्या. सही मात्र सी. डी. देशमुख हीच राहिली. सीमेच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांवर धड विश्वास नव्हता, त्या काळात एका मराठी माणसाची सही कराचीतही चालत होती आणि मुंबईतही. १ जानेवारी १९४९ ला रिझर्व्ह बँक सरकारच्या मालकीची झाली आणि ३० जूनला चिंतामणराव निवृत्त झाले. त्याच वर्षी रोझिनाबाईंचे निधन झाले.

१९५० च्या एप्रिलमध्ये ते नियोजन मंडळावर गेले आणि १ जूनला देशाचे अर्थमंत्री झाले. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत कुलाब्याने त्यांना लोकसभेवर पाठवले. रोह्याचा मुलगा आपल्याच जिल्ह्याचा खासदार झाला. १९५३ साली दुर्गाबाईंशी त्यांचा विवाह झाला. दुर्गाबाई घटना समितीच्या सभासद, आंध्र महिला सभेच्या संस्थापक आणि नियोजन मंडळातल्या सहकारी. दोघेही कामात गढलेले, दोघांचाही स्वभाव साधा.

त्यांच्या कारकीर्दीत पहिल्या पंचवार्षिक योजनेला पैसा उभा राहिला. १ जुलै १९५५ ला इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. त्याच साली दशमान नाण्यांचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ पासून सोळा आणे, चौसष्ट पैसे हा पाठ जाऊन शंभर नव्या पैशांचा रुपया आला. चांदी आधीच गेली होती, आता आणेही गेले. १९ जानेवारी १९५६ रोजी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण त्यांनी आकाशवाणीवरून जाहीर केले. कष्टकरी माणसाने पोटाला चिमटा घेऊन भरलेला हप्ता बुडू नये, म्हणून सरकार जामीन राहिले.

पण त्याच आठवड्यात दुसरीही एक घोषणा झाली होती. १६ जानेवारीला पंतप्रधान पंडित नेहरूंनी मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात राहील असे सांगितले. महाराष्ट्र उसळला. मुंबईत गोळीबार झाला आणि माणसे मेली. चिंतामणरावांनी राजीनामा लिहून दिला. त्यांना थांबण्यास सांगण्यात आले. ते काही महिने थांबलेही, पण गोष्टी बदलल्या नाहीत. जुलै १९५६ मध्ये ते मंत्रिमंडळाबाहेर पडले. मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता घेतला गेला आणि गोळीबाराची चौकशीही नाकारली गेली, हे त्यांनी लोकसभेत उभे राहून स्पष्टपणे मांडले.

हा माणूस चळवळीतला नव्हता. घोषणा देणे त्याच्या स्वभावात नव्हते. मराठी माणसाने त्याला डोक्यावर घेतले ते म्हणूनच. इंग्रजी राजवटीत दुसऱ्याने ठरवलेल्या आकड्याखाली त्यांना सही करावी लागली होती. स्वतंत्र भारतात तसे करण्याचे कारण नव्हते. जो निर्णय आपल्याला मान्य नाही, त्याखाली आपले नाव राहू द्यायचे नाही, एवढा साधा हिशेब त्यांनी केला आणि देशातले दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचे पद सोडले. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला, त्यात या राजीनाम्याचा वाटा मोठा आहे.

पद गेले म्हणून काम थांबले नाही. ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. दिल्लीचे इंडिया इंटरनॅशनल सेंटर उभे करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९५९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६९ मध्ये ते राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढले आणि हरले. १९७५ साली पतिपत्नी दोघांनाही पद्मविभूषण मिळाले. या सगळ्यात लहानपणचे संस्कृत कधी सुटले नाही. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठीत आणले, स्वतः संस्कृतात कविता लिहिल्या आणि उतारवयात अमरकोशावर काम केले. बागकामाचे वेडही केंब्रिजपासूनचे, ते शेवटपर्यंत टिकले.

९ मे १९८१ रोजी दुर्गाबाई गेल्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला चिंतामणरावांनी देह ठेवला. कुलाबा जिल्ह्याचे नाव त्याच्या आदल्या वर्षीच रायगड झाले होते. रोह्यात त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. तिथे वाणिज्य शिकणाऱ्या मुलामुलींना ताळेबंदाखाली सही करण्याचा अर्थ काय, हे या नावावरून सांगता येण्यासारखे आहे.

जुनी नाणी आणि नोटा जमवणारे लोक आजही सी. डी. देशमुख ही इंग्रजी सही शोधत असतात. आजोबांच्या पेटीत, पोथीच्या पानांत किंवा जुन्या वहीत तशी एखादी नोट निघाली, तर ती घाईने विकू नये. इस्त्री करू नये, चिकटपट्टी लावू नये. उजेडाकडे धरून कागदातला चेहरा पाहावा, धागा शोधावा आणि मग खालची सही मुलांना वाचून दाखवावी. त्या नोटेवर आज काही विकत मिळणार नाही. पण ती सही करणाऱ्याने एकदा आपले नाव काढूनही घेतले होते, हे मुलांना सांगता येईल, आणि तो माणूस कुंडलिकेच्या काठचा होता, हेही.